रफूगाराच्या लेकीचे पाय

मास्तरांना कुणी शिंपी म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. "शिंपी नवं शिवतो. मी गेलेलं परत आणतो," असं ते म्हणायचे, आणि समोरच्याने मान डोलावली नाही तर पुन्हा एकदा म्हणायचे. मास्तर रफूगार होते. सिगारेटने पडलेलं भोक, कसरीने खाल्लेली बाही, खिळ्याला अडकून टरकलेला कोट, काहीही आणून द्या. मास्तर त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून चार धागे उसवून काढत आणि भोकावर आडवी-उभी वीण घालून ते असं बुजवत की गिऱ्हाईक कापड उजेडात धरून शोधत बसे. सापडलं नाही की मास्तर खूश. सापडलं की पुढचे दोन दिवस घरात कुणाशी धड बोलत नसत.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. दोन बुटकी स्टुलं, भिंतीशी धाग्यांच्या पेट्या, आणि उजेड म्हणाल तर दिवसा दारातून येईल तेवढा, संध्याकाळी एका दिव्याचा. टेबल नव्हतंच. या कामाला टेबल लागत नाही, गुडघा लागतो. गुडघ्यावर कापड ताणून धरायचं, कडा मांडीखाली दाबायच्या आणि सुई चालवायची. गुडघा हलला की ताण गेला, ताण गेला की वीण बिघडली. म्हणून त्यांच्या घराण्यात शिकणाऱ्याचा घोटा कापडी पट्टीने स्टुलाच्या पायाला बांधायची रीत होती. घट्ट नाही, पण पाय हलला की ज्याचा त्याला कळावा इतपत. मास्तरांना त्यांच्या वडिलांनी बांधलं होतं. रोज सकाळी, शाळेच्या आधी दोन तास. तीन महिन्यांत मास्तरांची पट्टी सुटली होती आणि याचा त्यांना उगाचच फार अभिमान होता.

मास्तरांना दोन मुली. धाकटीला सुई दिसली की झोप यायची, तिचा प्रश्न तिथेच मिटला. थोरलीची गोष्ट वेगळी. तेराव्या वर्षी ती वीस करड्या धाग्यांतून नेमका एक उचलायची. एकदा एका गिऱ्हाइकाला तिने शांतपणे सांगितलं होतं, "तुमचा कोट काळा नाही. काळ्यात निळा आहे." तो माणूस हसला, पण कोट दारात नेऊन पाहिल्यावर गप्प झाला. मास्तर त्या दिवशी घरी येऊन बायकोला म्हणाले, "अगं, हिला डोळा आहे. मला तिच्या वयात नव्हता." स्वतःला काही नव्हतं असं मास्तरांनी कबूल केल्याचा हा जवळपास एकमेव प्रसंग.

थोरलीची शाळा सकाळची, म्हणून ती दुकानात बसायची संध्याकाळी. पहिला अर्धा तास ठीक जायचा. मग तिचा गुडघा हलायला लागायचा. पट्टी ताणली जायची, स्टूल कुरकुरायचं आणि मास्तर मान वर न करता म्हणायचे, "पाय."

"बाबा, पायात काहीतरी वळवळतंय."

"काय वळवळतंय?"

"माहीत नाही. आतून. हलवल्याशिवाय राहवत नाही."

"दुखतंय का?"

"दुखत नाही. चाललं की बरं वाटतं."

"दुखत नाही ना? मग बस."

झालं. तेरा वर्षांच्या पोरीने आपल्या आजाराचं वर्णन इतकं चोख केलं होतं की पुढे कुणी डॉक्टरही त्यात फारशी भर घालू शकला नसता. पण ऐकणाऱ्याचं लक्ष विणीकडे होतं.

आई एकदा तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. वाढीचं वय आहे, पाय दुखायचेच, असं तो म्हणाला आणि गोड औषधाची बाटली दिली. दुखत नाही असं थोरली पुन्हा सांगत होती. आईने तिला, मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस, म्हणून गप्प केलं. रात्री ती अंथरुणात पाय घासत राहायची, मग उठून स्वयंपाकघरात फेऱ्या मारायची. सकाळी उठवता उठायची नाही. आळशी, चुळबुळी, एका जागी बूड न टेकणारी, अशी सगळी विशेषणं तिला लागली. मास्तरांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं. ते प्रेमाने म्हणायचे, असं त्यांना तरी वाटायचं.

मास्तर काही दुष्ट नव्हते. हे सांगायला हवं, कारण पुढचं ऐकल्यावर तसं वाटेल. तिच्या हातातली कला वाया जाऊ नये एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्यासाठी त्यांना एकच उपाय ठाऊक होता. पट्टी. ज्या मुलीला तीन महिन्यांनी सोडायचं तिला त्यांनी चार वर्षं बांधलं. अधूनमधून सोडायचे आणि गुडघा हलला की पुन्हा बांधायचे.

थोरली सतरा वर्षांची असताना एका वकिलाचा कोट आला. पाठीवर तळहाताएवढं फाटलेलं. मास्तरांनी तो तिच्याकडे दिला, म्हणजे किती विश्वास ते बघा. पाच संध्याकाळी ती त्यावर बसली. चार संध्याकाळचं काम मास्तरांनी भिंग लावून पाहिलं आणि त्यांना चूक सापडली नाही. पाचव्या संध्याकाळी, शेवटचं बोटभर राहिलं असताना, धोका नको म्हणून त्यांनी तिचा घोटा बांधला.

"बाबा, सोडा ना जरा. दोन फेऱ्या मारून येते."

"बोटभर राहिलंय. संपव, मग मार हव्या तेवढ्या."

तिने ओठ चावून आणखी दहा मिनिटं काढली असतील. मग पाय आपोआप झटकला गेला, स्टूल कलंडलं, आणि सुई धाग्यासकट पाच संध्याकाळच्या विणीतून फरफटत गेली. दारात वकिलाचा कारकून उभा होता, कोट न्यायला आलेला. मास्तरांनी तिच्या गुडघ्यावरचं कापड काढून घेतलं आणि त्या परक्या माणसासमोर म्हणाले, "हिच्या पायाला भिंगरी आहे हो. हातात कला असून काय उपयोग? माणूस बसायला तर हवा." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

ती आली नाही. वर्षभरात ती टपालखात्यात लागली, पत्रं वाटायला. दिवसभर पायी. मास्तर लोकांना सांगायचे, "आमची भिंगरी बरोबर जागी लागली." ती पहिली काही वर्षं हसायची. लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, मुलाची आई झाली, आणि माहेरी यायची ती दुपारी. दिवे लागायच्या आत निघायची. मास्तरांनी पुढे दोन शिकाऊ ठेवून पाहिले. दोघांचे गुडघे दगडासारखे स्थिर, पण एकाला तपकिरी आणि किरमिजी यातला फरक कळेना आणि दुसऱ्याला तो कळून घ्यायची गरज वाटेना. त्यानंतर दुसरं स्टूल रिकामंच राहिलं.

मग सहासष्टाव्या वर्षी मास्तरांचे पाय सुरू झाले.

सुरू झाले असं ते म्हणायचे. संध्याकाळी कापड गुडघ्यावर घेतलं की पोटऱ्यांच्या आत मुंग्यांची रांग चालल्यासारखं व्हायचं. उठून चार पावलं टाकली की थांबायचं, बसलं की पुन्हा हजर. मास्तरीणबाईंनी गोळे येतात असं ठरवून तेलाची बाटली काढली. तेलाने अंथरूण खराब झालं, बाकी काही नाही. समोरच्या औषधवाल्याने ठामपणे सांगितलं, साखर असणार, नसा गेल्या. रक्त तपासलं, साखर मास्तरांच्या स्वभावापेक्षा बरी निघाली. शेजारी म्हणाला शिरा फुगल्या असतील, म्हणून घट्ट मोजे आणले, ते घालायलाच अर्धा तास लागायचा. शेवटी औषधवाल्याने सर्दीची एक गोळी दिली, "हिने गाढ झोप लागते" म्हणून. झोप लागायची राहिली बाजूला, पाय असे पिसाळले की मास्तर पहाटेपर्यंत खोलीत येरझाऱ्या घालत होते. दोन वर्षं अशी गेली. सुई थरथरायला लागली. एका विणीत गिऱ्हाइकाला चूक सापडली, आणि मास्तरीणबाई त्यांना धरून इस्पितळात घेऊन गेल्या.

डॉक्टरीण थोरलीच्या निम्म्या वयाची असेल. तिने पायांना हात लावला, सुई टोचून पाहिली, घोट्याजवळची नाडी पाहिली, पण मुख्य म्हणजे ती विचारत राहिली.

"आजोबा, गोळा येतो तेव्हा पोटरी घट्ट होते, हाताला गाठ लागते. तसं होतं?"

"नाही."

"चालल्यावर पाय भरून येतात आणि थांबलं की बरं वाटतं, असं?"

"उलट. चाललं की बरं. बसलं की छळ."

"तळपायांची आग, बधिरपणा? दिवसभर?"

"दिवसा काही नाही. सकाळी तर माझे पाय आहेत हेसुद्धा आठवत नाही. संध्याकाळ झाली की सुरू."

"सांधे सुजतात? संध्याकाळी पावलांना सूज येते?"

"नाही."

"मनाच्या आजाराच्या, उलटीच्या काही गोळ्या चालू आहेत? त्यांनीही माणसाला बसवत नाही, पण ते सगळ्या अंगात असतं, दिवसरात्र."

"सर्दीची एक होती."

"ती बंद करा, तिने हे वाढतं. आता नीट आठवून सांगा. पाय दुखतात म्हणून तुम्ही हलवता, की हलवावेसेच वाटतात?"

मास्तरांनी पोटरीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "दुखत नाहीत. हलवल्याशिवाय राहवत नाही."

हे वाक्य त्यांनी पूर्वी कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. कुणाच्या, तेही त्यांना तेवढ्यात आठवलं.

डॉक्टरिणीने लिहिता लिहिता सांगितलं की याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात. खोड नाही, मनाचे खेळ नाहीत. मेंदूकडून पायांकडे जाणाऱ्या निरोपांचा घोटाळा आहे. बऱ्याचदा शरीरातला लोहाचा साठा कमी असतो, तो आधी तपासू, मग औषध ठरवू. चहा-कॉफी संध्याकाळी नको. "पुष्कळांना हे लहानपणापासून असतं. पोरांना लोक चुळबुळी म्हणतात, वाढीचं दुखणं म्हणतात, आणि सोडून देतात. घराण्यातही चालत येतं. तुमच्या घरात आणखी कुणाला आहे?"

"नाही," मास्तर म्हणाले.

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टरिणीने कागदावर काहीतरी खरडलं.

दोघं परत निघाले. औषधाच्या दुकानाशी मास्तरीणबाई थांबल्या.

"नाही म्हणालात."

"मग काय म्हणणार होतो? नुसता संशय. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट."

"आणि तुमची? तुमची म्हणे आता सुरू झाली." बाईंचा आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "उभ्या जन्मात तुम्ही संध्याकाळी एका जागी कधी बसलात हो? मी डबा घेऊन यायची दुकानात, बघायची ना. अर्ध्या तासाला उठून दारात जायचात. धाग्याचा रंग उजेडात बघायचाय म्हणे. दिवेलागणीनंतर दारात कसला उजेड होता?"

मास्तर खरंच रंग बघायला जात होते. निदान त्यांना तसंच वाटत आलं होतं. दारात उभं राहून ते धागा डोळ्यांसमोर धरायचे, पायावर भार बदलत, दोन पावलं इकडे, दोन तिकडे, आणि आत पट्टीने बांधलेली पोर बसलेली असायची. दुकान त्यांचं, म्हणून त्यांचं उठणं हे काम. तिचं उठणं हा चाळा. आणि वडिलांनी आपल्याला बांधलं होतं ते सकाळी, जेव्हा पायांना काही होत नाही, हेही त्यांना रस्त्यात, भर दुपारी, अडुसष्टाव्या वर्षी उमगलं. तीन महिन्यांत सुटल्याचा अभिमान कसला, तर घड्याळाचा.

आता प्रश्न एकच होता. थोरलीचे पाय अजून तसेच असतील, तिला कुणी कधी काही सांगितलं नसेल, आणि तिला सांगायला हवं. निरोप धाडून भागलं असतं. मास्तरीणबाई फोन करायला तयारच होत्या. पण मास्तर नको म्हणाले. मी जातो, असं म्हणाले आणि मग चार दिवस गेलेच नाहीत. सोमवारी कोट पूर्ण करायचा होता, मंगळवारी डोकं दुखत होतं. शुक्रवारी बाईंनी त्यांच्या चपला दाराबाहेर नेऊन ठेवल्या.

ते पोचले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. थोरली उभ्याने कपड्यांना इस्त्री करत होती. अठ्ठेचाळीस वर्षांची, केस पांढरे व्हायला लागलेले. वडील एकटे आलेले पाहून तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"आई बरी आहे ना?"

"ती ठणठणीत आहे. मीच आलो." ते खुर्चीवर बसले. पाणी प्यायले. वाटेत जुळवलेलं सगळं विसरून त्यांनी सुरुवात भलतीकडूनच केली. लोहाचा साठा, सर्दीची गोळी, घट्ट मोजे. थोरलीने इस्त्री बंद केली आणि ऐकत राहिली. शेवटी ते म्हणाले, "तुलाही तेच आहे. तेव्हापासून. औषध आहे त्यावर. मी तुला तिच्याकडे घेऊन जातो."

"मला माहीत आहे, बाबा."

"काय?"

"हेच. नऊ वर्षं झाली. औषध चालू आहे. झोप लागते आता." ती साधेपणाने बोलत होती, जणू टपालाची वेळ सांगत होती. "मलाही विचारलं होतं, घरात आणखी कुणाला आहे का. मी म्हटलं, वडिलांना असणार. ते सारखे दारात जायचे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगायला आले होते. त्याच आठवड्यात. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, बाबा, जरा बोलायचंय. तुम्ही त्यांना म्हणालात, 'ही आमची भिंगरी. लवकर बोलून घेऊ दे, हिला बसवत नाही.' ते हसले. मग मी निघाले."

मास्तरांनी आठवून पाहिलं. खूप आठवून पाहिलं. ती गिऱ्हाइकं, तो दिवस, तिचा चेहरा, काहीच हाती लागेना. असली वाक्यं त्यांनी इतक्यांदा, इतक्या लोकांना म्हटली होती की हे त्यातलं कुठलं, हे शोधणार कसं?

"मला आठवत नाही," ते म्हणाले.

"नसेलच आठवत."

"माझं चुकलं."

"हो," थोरली म्हणाली.

त्यांना वाटलं होतं ती पुढे काही म्हणेल. जाऊ दे म्हणेल, तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं म्हणेल. बायको तिच्या जागी असती तर म्हणाली असती. थोरली तसलं काही बोलली नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाली, "बांधायचात त्याचं मी कधीच सोडून दिलं. पण एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत मला वाटत होतं की माझ्यातच खोट आहे. मला नीट बसायचंच नसतं, असं. सगळे म्हणायचे म्हणून मीही म्हणायचे."

मास्तर खुर्चीच्या हाताकडे बघत राहिले. मग चाचरत म्हणाले, "अजून येशील? दुकानात? बस, ऊठ, फेऱ्या मार, तुला हवं तसं. तुझ्यासारखा डोळा मला पुन्हा दिसला नाही गं."

"बाबा, मला आता चष्म्याशिवाय पत्त्यावरचा घरनंबर दिसत नाही." ती हसली, पण लगेच थांबली. "करड्यातले करडे तर विसराच."

बाहेर दिवे लागले. मास्तरांच्या उजव्या पोटरीत वळवळ सुरू झाली, मग डावीत. त्यांनी दोन्ही पावलं जमिनीवर दाबून धरली. आज उठायचं नाही, असं त्यांनी मनाशी घट्ट ठरवलं. तिने चार वर्षं सोसलं, आपण एक संध्याकाळ तर सोसू. त्यांनी गुडघ्यांवर हात दाबले, दात आवळले. कपाळावर घाम आला. थोरली बघत होती.

"उठा, बाबा."

"नको. बसतो मी."

"असं बसून राहू नका. मला बघवत नाही. उठा, चाला."

मास्तर उठले. थोरलीने मधली खुर्ची उचलून भिंतीशी लावली, म्हणजे त्यांना फेऱ्या मारायला जागा होईल.